पाय एक, पॅराशूट दोन

(हा एपिसोडचा लिखित भाग आहे. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर स्टॉपवर लक्ष ठेवा, आजचा एपिसोड जरा लांबणार आहे.

मागच्या महिन्यात मी स्टोरीला एक फोटो टाकला होता. मागे विमान, आजूबाजूला वाळवंट, पाठीवर पॅराशूटची बॅग आणि शॉर्ट्सखाली माझा उजवा, कार्बनचा पाय. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "दादा, तुला कुणाला तरी बांधलेलं होतं, की तू खरंच एकटा?"

एकटा. आणि हे कसं जमतं, कुठे अडतं, माझं कुठे फसलं, ते आज नीट सांगतो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी सिन्नरचा. बाविसाव्या वर्षी नाशिक-पुणे रस्त्यावर माझी बाइक आणि एक ट्रक समोरासमोर आले. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गुडघा राहिला, आणि ज्यांचा पाय गेलाय त्यांना विचारा, गुडघा राहणं म्हणजे लॉटरी असते. पहिला कृत्रिम पाय जयपूर फूट होता. 1968 साली जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. सेठींनी मिळून बनवलेला तोच तो, ज्यावर उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं. त्याच पायावर मी डिग्री पूर्ण केली, नोकरीला लागलो आणि पुढे कंपनीनं ॲरिझोनाला पाठवलं.

आता, आकाशातून उडी मारायचे दोन मार्ग आहेत. एक टँडम. त्यात इन्स्ट्रक्टर तुमच्या पाठीला बांधलेला असतो, पॅराशूट त्याचं, निर्णय त्याचे, तुम्ही पुढे लटकायचं आणि व्हिडिओत हसायचं. यात मी काही कमी लेखत नाहीये. जॉर्ज बुश थोरले, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष, 2014 मध्ये नव्वदाव्या वाढदिवसाला अशीच टँडम उडी मारून आले, तेव्हा त्यांना चालताही येत नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे स्वतः शिकणं. तुमचं पॅराशूट, तुमचे हात, तुमचं डोकं. अमेरिकेत पहिलं लायसन्स, ज्याला 'ए' लायसन्स म्हणतात, त्याला किमान 25 उड्या लागतात. त्यातल्या पाच वेळा ठरलेल्या खुणेपासून 20 मीटरच्या आत उतरून दाखवावं लागतं.

मला टँडम नको होतं. कारण सांगतो. पाय गेल्यावर लोक तुम्हाला धरायला लागतात. जिना आला की कुणीतरी कोपर पकडतं. रिक्षातून उतरताना पकडतं. लग्नात अक्षता टाकायला उभं राहिलो तरी मागे एक हात असतोच. प्रेमानंच असतं सगळं, मला कळतं. पण पाच-सहा वर्षं सतत कुणीतरी धरल्यावर आकाशातसुद्धा कुणीतरी पाठीला बांधलेला, ही कल्पनाच मला सहन होईना.

पहिल्या ठिकाणी मी फोन केला तर त्यांनी माझं नीट ऐकलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, टँडमला जरूर या, सोलो जमणार नाही. नाव घेत नाही. त्यांना तो हक्क आहे, विद्यार्थी घ्यायचा की नाही हे तिथली माणसंच ठरवतात. मला राग एवढ्याचाच आला की त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या ठिकाणी पन्नाशीची एक इन्स्ट्रक्टर होती. तिनं आधी पाय काढून दाखव म्हटलं. मग बोर्डवर एक आडवी रेघ मारली. डावीकडे लिहिलं विमानाचं दार, उजवीकडे जमीन. आणि म्हणाली, तुला जमेल का, हे मला माहीत नाही. आपण फक्त एवढं शोधू की या रेघेवर कुठल्या सेकंदाला तुझं शरीर इतरांपेक्षा वेगळं वागेल, आणि त्या सेकंदाला तू काय करशील.

मंडळी, सगळं शिक्षण त्या एका रेघेत आलं माझ्यासाठी. तर तीच रेघ धरून पुढे जाऊ.

विमान साधारण 13,000 फुटांवर जातं. दारातून बाहेर पडल्यावर दहा-बारा सेकंदांत तुमचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास पोचतो आणि तिथेच थांबतो, कारण तेवढ्या वेगाला हवेचा विरोध आणि तुमचं वजन बरोबरीला येतात. विद्यार्थ्यानं 5,500 फुटांवर पॅराशूट उघडायचं असतं. म्हणजे हातात असतं पाऊण मिनिट, थोडंसं वर. त्यानंतर पॅराशूटखाली पाचेक मिनिटं तरंगत, वळत, वाऱ्याचा अंदाज घेत खाली.

या सगळ्यात जीव कशावर असतो? हातांवर. मनगटावरचं उंची दाखवणारं यंत्र बघायचं. उजवा हात मागे नेऊन बॅगेच्या तळाशी असलेलं हँडल ओढून हवेत सोडायचं. वर बघायचं, पॅराशूट मोठं आहे का, चौकोनी आहे का, वळतंय का. नसेल तर 2,500 फुटांच्या आत निर्णय: उजव्या छातीवरचं हँडल ओढून बिघडलेलं पॅराशूट सोडून द्यायचं, डाव्या छातीवरचं ओढून दुसरं, राखीव उघडायचं. आणि तुम्ही बेशुद्धच पडलात तर बॅगेत एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो खाली हजार-साडेसातशे फुटांच्या दरम्यान, वेग अजूनही जास्त आहे असं दिसलं की स्वतःच राखीव पॅराशूट उघडतो. 1991 साली जर्मनीतून 'सायप्रस' नावाचा असा भरवशाचा कॉम्प्युटर आला आणि या खेळाचं रूपच बदललं.

ही सगळी यादी पुन्हा वाचा. पाय कुठे आला? अजून आलाच नाही.

पाय येतो दारात. विद्यार्थी दारात उभा राहतो, दोन्ही बाजूंना दोन इन्स्ट्रक्टर त्याला पकडून, आणि पायांनी रेटून तिघं एकदम बाहेर पडतात. माझ्या कार्बनच्या पायाला घोटा हलवता येत नाही, धातूच्या घासलेल्या पट्टीवर बूट घसरतो. मग आम्ही उभं राहणं सोडलं आणि गुडघ्यावर बसून बाहेर पडायचं ठरवलं. जमिनीवर, लाकडी खोट्या दारातून, चाळीसेक वेळा केलं असेल. संपला प्रश्न.

दुसरा प्रश्न पायाचा स्वतःचाच. पॅराशूट उघडतं तेव्हा खांद्यांना आणि मांड्यांना जोराचा हिसका बसतो, पाय खाली झेपावतात. दोन किलोचा कृत्रिम पाय त्या वेळी निसटला तर? माझं काही बिघडणार नाही, पण खाली कुणीतरी चालत असेल. काही पाय फक्त आतल्या पोकळीच्या ओढीवर, सक्शनवर बसतात. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो, त्यामुळे ती पकड सैलावते. माझ्याकडे सिलिकॉनचा मोजा आणि त्याच्या टोकाला पिन आहे, जी सॉकेटमध्ये टकटक आवाज करत अडकते. वर गुडघ्यापर्यंत रबरी बाही, आणि तिच्यावर एक पट्टा बॅगेच्या मांडीवरच्या पट्ट्याला बांधलेला. तरीही वाळवंटातली बारीक वाळू त्या पिनेच्या खाचेत जाते. एकदा विमानात चढायच्या रांगेत माझ्या लक्षात आलं की आज नेहमीपेक्षा दोन 'टक' कमी ऐकू आले. रांगेतून बाहेर आलो. ती फेरी गेली, पैसे गेले नाहीत, नशीब.

काही जण कृत्रिम पाय काढूनच उडी मारतात. तेही बरोबर आहे.

आता मुख्य भाग, जिथे माझं फसलं.

पहिल्या तीन लेव्हल नीट गेल्या. पहिल्या दोन्हीत दोन्ही बाजूंना इन्स्ट्रक्टर तुमचा दंड आणि पाय धरून असतात (पुन्हा धरलंच, हो! पण इथे धरतात ते सोडण्यासाठी). तिसरीत ते दोघं क्षणभर सोडतात. चौथीत एकच जण असतो, तो सोडतो आणि समोर येऊन तरंगतो.

चौथ्या लेव्हलला तिनं सोडलं आणि मी फिरायला लागलो. आधी हळू, मग भिंगरीसारखा. क्षितिज डोळ्यांसमोरून पट्ट्यासारखं जातंय. यासाठी आम्हाला चार शब्द पाठ करून घेतलेले असतात: उंची, कमान, पाय, सैल. आधी उंची बघ. मग कंबर पुढे काढून शरीराची कमान कर. मग पाय सरळ कर. मग अंग सैल सोड. पाच सेकंदांत ताबा आला नाही तर थांबायचं नाही, पॅराशूट उघडायचं. मी उंची बघितली. कमान केली. समोर तिचा हात दिसत होता, दोन बोटं सरळ ताणलेली. तो इशारा म्हणजे 'पाय लांब कर'. आणि मी मनात ओरडत होतो, सरळच आहेत की पाय! दोन्ही सरळ आहेत!

पाच सेकंद झाले. ओढलं. पॅराशूट उघडलं, दोन-तीन पीळ पडले होते दोऱ्यांना, पाय मारून सोडवले. उतरायच्या जागेपासून बऱ्यापैकी लांब, काटेरी झुडपांत जाऊन बसलो.

संध्याकाळी व्हिडिओ बघितला. माझा डावा पाय जसा हवा तसा होता. उजवा गुडघ्यात पूर्ण दुमडलेला, बूट जवळपास पार्श्वभागाला टेकलेला. एक पाय हवेत आणि एक दुमडलेला, म्हणजे एकीकडे जास्त हवा अडतेय, एकीकडे कमी. माणूस फिरणारच.

पण मला तो सरळ जाणवत होता. शपथेवर. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ज्यांचा अवयव गेलाय त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तो गेल्यावरही जाणवत राहतो. माझा नसलेला पाय मला आजही जाणवतो, अंगठ्याला खाज येते कधीकधी. त्या दिवशी वर माझा तो जुना, हाडामांसाचा पाय अगदी बरोबर जागी होता. चुकला होता कार्बनचा. आणि त्याची बातमी मेंदूला द्यायला कुणीच नव्हतं. जमिनीवर उभं असताना सॉकेटवर वजन पडतं, त्यातून कळतं पाय कुठे आहे. हवेत वजनच नाही, तर कळणार कशावरून?

त्या रात्री मी जवळजवळ सोडलं होतं. खरं सांगतो. पडण्याची भीती नव्हती. स्वतःच्या शरीराबद्दल मला इतकी खात्रीनं चुकीची माहिती मिळू शकते, याची भीती वाटली.

आणि त्याच रात्री घरून फोन आला. घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. ताईनं स्टोरी बघितली आणि आईला दाखवली. आई व्हिडिओ कॉलवर रडायलाच लागली. "अरे, एकदा देवानं वाचवलंय ना तुला? परत परत कशाला परीक्षा घेतोस त्याची?" मी म्हटलं, "आई, आपल्या पुण्याच्या शीतल महाजन बघ ना. आयुष्यातली पहिली उडी उत्तर ध्रुवावर मारली त्यांनी, 2004 मध्ये. नऊवारी नेसून थायलंडला मारली. पद्मश्री मिळाली." आई म्हणाली, "तिला दोन पाय आहेत."

यावर काय बोलणार?

मग बाबांनी फोन घेतला. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. आयुष्यभर ब्रेक आणि गिअरबॉक्स. त्यांनी रागावलं नाही, समजावलं नाही. एवढंच विचारलं, "ते दुसरं पॅराशूट घडी कोण करतं? सही कुणाची असते?" मी सांगितलं, लायसन्स असलेला रिगर करतो, अमेरिकेत दर 180 दिवसांनी उघडून, तपासून परत घडी करावीच लागते, बॅगेत कार्ड असतं त्यावर तारीख आणि सही. बाबा म्हणाले, "मग ठीक. आणि उतरताना पाय निघाला तर?" बोर्डवर रेघ मारणाऱ्या बाईनं पहिल्या दिवशी नेमकं हेच विचारलं होतं.

पुढचा शनिवार मी विंड टनेलमध्ये घालवला. खालून जोराची हवा सोडलेली काचेची नळी, त्यात तरंगायचं. आपल्याकडे हैदराबादला आहे बघा तसं. तिथे इन्स्ट्रक्टरनं सांगितलेला उपाय इतका साधा होता की मला हसू आलं. नवशिक्या कुणालाही शिकवतात तो: दोन्ही पायांची टोकं एकमेकांवर आपटायची. डावा बूट उजव्यावर. आपटलं की डाव्या पायाला, जो जिवंत आहे, त्याला कळतं की उजवा कुठे आहे. शिवाय ती थाप सॉकेटमधून गुडघ्यापर्यंत येते. टोकं भेटली नाहीत म्हणजे उजवा दुमडलाय. तेव्हा मांडीनं उजवा पाय खाली दाब, पुन्हा आपट. वीस मिनिटं तेवढंच केलं. टक, टक, टक. बाहेर काचेमागे एक लहान मुलगा बघत होता, त्याला वाटलं असेल मी टॅप डान्स करतोय.

इशाराही बदलला आम्ही. दोन बोटांऐवजी ती स्वतःच्या उजव्या मांडीवर हात मारणार. कुठला पाय, हा घोळच नको.

चौथी लेव्हल दुसऱ्यांदा केली. तिनं सोडलं. टक, टक. क्षितिज जागेवर राहिलं. डावीकडे नव्वद अंश वळलो, थांबलो, उजवीकडे वळलो, थांबलो. तेवढंच. पण त्या वेळी दोन्ही बाजूंना कुणीही नव्हतं आणि मला कुणीही धरलेलं नव्हतं. सध्या एवढंच सांगतो, कारण त्याबद्दल बोलायला गेलो की आवाज जातो माझा.

राहिलं उतरणं. विद्यार्थ्यांचं पॅराशूट मोठं असतं, संथ. 1,000 फुटांवर वाऱ्याच्या दिशेनं, 600 ला आडवं, 300 ला वाऱ्याच्या तोंडावर, असे टप्पे घेत यायचं आणि जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही हातांतल्या दोऱ्या पूर्ण खाली ओढायच्या. पॅराशूट ब्रेक मारतं. सवय अशी असते की चांगल्या पायावर उतरावं. इथे तेच चुकीचं. एका पायावर सगळं वजन आलं तर तोही मोडेल. गुडघे आणि पावलं एकत्र चिकटवून, किंचित वाकवून, लागल्याबरोबर डाव्या कुशीवर लोळायचं. मी आजपर्यंत उभा राहून उतरलेलो नाही. जंपसूटच्या डाव्या बाजूला ठिगळं आहेत.

इतरांचं विचारताय म्हणून: ज्यांचा हात नाही त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा वेगळा आणि अवघड, कारण सगळी हँडलं हातांची. ती एका हातानं ओढता येतील अशी रचना जाणकार रिगरकडून करून घ्यावी लागते. कंबरेखाली संवेदनाच नसेल तर पाय बांधून घेतात आणि उतरताना उचलून धरायची सोय करतात, बहुतेक वेळा टँडममध्ये. आणि ज्यांना वाटतं दोन्ही पाय गेले की संपलंच, त्यांनी डाना बोमन हे नाव शोधा. अमेरिकी लष्कराच्या पॅराशूट पथकातले. फेब्रुवारी 1994 मध्ये, इथेच ॲरिझोनात युमाला, सरावात हवेत सहकाऱ्याशी टक्कर झाली. सहकारी गेला, बोमन यांचे दोन्ही पाय गेले. नऊ महिन्यांनी ते पुन्हा लष्करात दाखल झाले, आणि नंतर वर्षानुवर्षं उड्या मारत राहिले. ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही, आणि तुम्हीही सांगू नका. तिला त्यातली टक्करच ऐकू येईल.

खर्च? लायसन्सपर्यंत साधारण तीन ते चार हजार डॉलर धरा, लेव्हल पुन्हा करावी लागली तर वर. संघटनेच्या सदस्यत्वात जो विमा मिळतो तो तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर, तुमच्या हॉस्पिटलच्या बिलाला नाही. स्वतःच्या पॉलिसीत या खेळाला सूट आहे की बंदी, ते बारीक अक्षरात वाचा. डॉक्टरांइतकंच तुमचा पाय बनवणाऱ्या माणसाशीही बोला. कुठल्या हिसक्याला काय निसटेल हे त्याला कळतं. आणि ज्या ठिकाणी तुम्हाला एकही प्रश्न न विचारता 'हो' म्हणतात, तिथेही जाऊ नका. न विचारता 'नाही' म्हणणाऱ्यांइतकेच तेही मला नको वाटतात.

माझ्या आत्तापर्यंत एकोणीस उड्या झाल्यात. सहा राहिल्या, आणि 20 मीटरच्या आतल्या दोन. आईला प्रत्येक वेळी उतरल्यावर फोन लागतो, आधी केलेला चालत नाही. बाबांचा मेसेज मात्र दर शुक्रवारी रात्री येतो, एकाच ओळीचा: "रिझर्व्हची तारीख बघितली का?" मी कार्डाचा फोटो काढून पाठवतो. ते झूम करून सही बघतात, आणि मग अंगठा येतो.